लिटरला बारा

"बाराच," विनीता फोनवर म्हणाली, आणि तिचं तिलाच दचकायला झालं. कारण आदल्या संध्याकाळी पंपावर टाकी काठोकाठ भरून घेऊन, मधल्या किलोमीटरांना लिटरने भागून तिने जो आकडा काढला होता, तो अठराचा होता. त्याच्या पुढचा दशांशसुद्धा तिला पाठ होता. सोयाबीनचं तेल काढणाऱ्या कारखान्याची प्रयोगशाळा सांभाळण्यात तिचा सगळा जन्म गेला होता. तेलातली आम्लता असो की पेंडीतला ओलावा, आकडा जसा आला तसाच लिहायचा, मग मालकाचं तोंड कडू होवो नाहीतर गोड. देवासच्या त्या कारखान्यात तिला माघारी 'काटा मॅडम' म्हणत आणि ते तिला ठाऊक होतं, मनातून थोडंसं आवडतही होतं. अशा बाईने रविवारी सकाळी, हातात चहाचा कप, समोर टेकडी आणि टेकडीवर देवीचा भगवा झेंडा फडफडतोय, एवढ्या साक्षीने सख्ख्या भावाला खोटा आकडा सांगितला होता. पलीकडे धारला उदाजीरावांनी घसा खाकरला. म्हणाले, "बारा म्हणजे फारच कमी हो. चाकांतली हवा पाहिलीत का? मोटार थंड असताना पाहायची बरं. चालवून नेलीत की हवा तापते, मग काटा खोटं सांगतो." विनीता म्हणाली, हो दादासाहेब, पाहते. फोन ठेवल्यावर चहा निवून साय धरेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं असतं होय, तिला वाटलं. काटा खोटं सांगतो, हे त्यांनी साधंच म्हटलं होतं, आणि तिला ते आपल्याला उद्देशून म्हटल्यासारखं लागलं होतं.

गाडी तिने दसऱ्याला घेतली. का घेतली, हे तिला नीट सांगता आलं नसतं. घरापासून कारखाना जवळ, कारखान्याची बस दारात येई, बाहेरगावी जावं असं कुठे नव्हतं. तरी घेतली. पांढरी, लहान, पेट्रोलवर चालणारी. विकणाऱ्या पोराने वीस-बावीसचा हवाला दिला होता आणि पहिल्याच महिन्यात आकडा निघाला बारा. तिला फसवल्यासारखं वाटलं, आणि त्याहून नवल म्हणजे, त्या फसवणुकीची तिला चटक लागली. कारण आजवर तिला कुणी काही विचारत नव्हतं. पन्नाशीला टेकलेल्या, एकट्या राहणाऱ्या बाईला लोक विचारणार काय? नवरा नाही, मुलं नाहीत, म्हणजे प्रश्नपत्रिकाच कोरी. पण गाडी आली आणि प्रश्न आला. कारखान्याच्या फाटकावरचा मोनू, जो इतकी वर्षं नुसता सलाम ठोकायचा, तो खिडकीपाशी वाकून विचारू लागला, "मैडम, क्या एवरेज दे री है?" बारा म्हटल्यावर त्याचा चेहरा असा पडला की घरात कुणी आजारी असल्यागत. "अरे, बारा तो ट्रैक्टर देता है! दूसरे गेर में मत खींचो आप." खालच्या मजल्यावरची अंजू, जिचं मराठी हिंदीच्या कुबड्यांवर चालतं, ती जिन्यात अडवून म्हणाली, "गाडी घेऊन घेतलीस आणि सांगितलं पण नाही? अगं एसी बंद ठेवत जा, एसीच सगळं खाऊन टाकते. तू टेन्शन नको घेऊ, माझे हे बघून घेतील." तिचे हे बघायला आले, बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहत राहिले आणि चहा पिऊन गेले. विनीताच्या घरात पुरुषमाणूस बसून चहा पिऊन गेल्याला कित्येक वर्षं झाली होती. कप विसळताना तिला हसू आलं आणि हसता हसता तो कप तिने पुन्हा एकदा विसळला.

पण हे सगळे सल्ले एकीकडे आणि धारचा फोन एकीकडे. आई, म्हणजे मासाहेब, होत्या तोवर फोन येई तो मासाहेबांचा. उदाजीराव नंबर लावून देत आणि "घ्या, बोला" एवढंच म्हणून बाजूला होत. त्या तेवढ्या दोन शब्दांत पाठीमागचं सगळं घर तिला ऐकू यायचं. मागच्या श्रावणात मासाहेब गेल्या आणि फोनला कारणच उरलं नाही. तेराव्यानंतर ती देवासला परतली तेव्हा दारात उभे राहून ते म्हणाले होते, "जपून जा. पोचल्यावर कळवा." तिने पोचल्याचा मेसेज केला होता. त्यावर निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. वहिनी आधीच गेलेल्या, मुलगा यशराज बंगळुरूला. तो तिथूनच फोनवर वडिलांचा किराणा मागवून देतो म्हणे. मांडू रस्त्यावरच्या वसाहतीतल्या त्या नव्या बंगल्यात आता दादासाहेब एकटे, आणि इकडे टेकडीसमोर दुसऱ्या मजल्यावर ती. मधे शंभरएक किलोमीटर आणि बोलायला शब्द नाही. मग दिवाळीच्या आधी एका रविवारी, पूजा आटोपल्यावरची त्यांची वेळ असते तेव्हा, फोन वाजला. "मोटार घेतलीत म्हणे," ते म्हणाले. सगळं जग कार म्हणतं, ते अजून मोटारच म्हणतात. ती हो म्हणाली. मग दोघांचे श्वास ऐकू येत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "एवरेज काय निघतो?" बारा, ती म्हणाली, आणि तेव्हा ते खरंच होतं. "बारा? किती जणं बसता?" "मी एकटीच, दादासाहेब." "एकट्याच. मग तर जास्त द्यायला हवा," ते म्हणाले. ते वाक्य तिच्या डोक्यात कित्येक दिवस फिरत राहिलं. वजन कमी, तर गाडी जास्त पळायला हवी. हिशेब बरोबर होता. मग आपलं असं का झालं?

त्यांचं ते तुम्ही. बाहेरच्याने ऐकलं तर म्हणेल, वा, काय घराणं, धाकट्या बहिणीलाही अहो-जाहो! दरबारी घरांची रीतच तशी, मान देऊन बोलायचं, असं अंजूही एकदा कौतुकाने म्हणाली होती. तिला काय सांगणार, की हा मान नव्हे, ही शिक्षा आहे. तेवीस वर्षांची होईपर्यंत विनीता त्यांची 'तू' होती. अगं विनी, इकडे ये. अगं विनी, गाढव आहेस का. मग शाजापूरकडचं एक स्थळ आलं. माणसं चांगली होती, दादांनी शब्द देऊन टाकला, साखरपुड्याचा मुहूर्तही निघाला, आणि तिने नको म्हटलं. दुसरं कुणी मनात होतं असंही नाही. तसं असतं तर घराला निदान राग तरी धड धरता आला असता. तिला नुसतं देवासला त्या प्रयोगशाळेत जायचं होतं, जिथे काचेच्या नळीत तेलाचा रंग पाहून लोक तिचं ऐकणार होते. दादा ओरडले नाहीत. त्यांनी शांतपणे तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही आता मोठ्या झालात. तुमचं तुम्ही पाहा." बस. त्या दिवसापासून आजतागायत तुम्ही. तीही मग दादाचं दादासाहेब करून बसली, जशास तसं. लग्नकार्यं झाली, वहिनी गेल्या, मासाहेब गेल्या, चितेसमोर दोघं खांद्याला खांदा लावून उभी राहिली, तेव्हाही ते म्हणाले, "तुम्ही बसा, पाय दुखतील." लोकांना वाटलं, किती काळजी. तिला वाटलं, आता ओरडा, काहीही बोला, पण एकदा तू म्हणा. पंचवीस वर्षं कुणी तिला रागावून तू म्हटलं नव्हतं. अंजू तू म्हणते, पण अंजू दूधवाल्यालाही तू म्हणते.

दिवाळीपासून दर रविवारी फोन येऊ लागला. दर रविवारी एकेक इलाज. गाडी सुरू करून जागेवर तापवत बसू नका, लगेच निघा. पुढे सिग्नल लाल दिसला की आधीच पाय उचला, ब्रेकवर नाचू नका. वरचा गिअर लवकर टाका. डिकीत काय काय भरलंय ते काढा. "काही नाही, स्टेपनी आणि एक छत्री," ती म्हणाली. एकट्या माणसाच्या डिकीत असतं काय. आणि मग एका रविवारी त्यांनी विचारलं, "डावा पाय कुठे असतो तुमचा?" तिला आधी प्रश्नच कळेना. "चालवताना हो. क्लचवर टेकलेला असतो का?" ती खाली जाऊन गाडीत बसून पाहून आली. असतो, दादासाहेब. पलीकडे ते हुंकारले, जुनं दुखणं ओळखीचं निघाल्यावर वैद्य हुंकारतो तसे. तिला सगळं आठवलं आणि त्यांनाही आठवलं असणार. धारच्या किल्ल्याखालचा रस्ता, वडिलांची, आबासाहेबांची, जुनी जीप, सतरा वर्षांची ती स्टिअरिंगवर आणि शेजारी दादा, डॅशबोर्डला घट्ट धरून बसलेला. गाडी बंद पडेल या भीतीने तिचा डावा पाय क्लचवरून हलायचाच नाही. इंजिन नुसतं बोंबलायचं, करपल्याचा वास यायचा, आणि दादा ओरडायचा, "पाय काढ!" ती गोंधळून विचारायची, "कुठला, दादा?" तो कपाळावर हात मारायचा. "डावा गं, डावा! जेवतेस त्याच्या उलटा!" मग दोघं इतकी हसायची की जीप खरंच बंद पडायची. आबासाहेबांनी पुढे ती शिकवणी बंद केली. मुलीच्या जातीला कशाला, वगैरे. पाय मात्र तसाच राहिला होता, इतक्या वर्षांनी नव्या गाडीत बसल्याबरोबर आपल्या जागी जाऊन टेकला होता. तिने तो काढला. मन लावून, रोज, डाव्या बाजूच्या मोकळ्या जागेत दामटून ठेवला. आणि आकडा चढू लागला. चौदा, सोळा, जे तिने फोनवर अजून सांगितलं नव्हतं, मग तो अठरा.

आकडा चढला तसा तिचा जीव उतरू लागला. अठरा म्हटलं की ते म्हणतील, छान, आणि मग? मग श्वास. मग कधीतरी, येत्या गणपतीत, येत्या श्राद्धाला, एखादा फोन. बारा होते म्हणून रविवार होता. रोग बरा झाला की वैद्य घरी जातो, ही साधी गोष्ट. म्हणून ती खोटं बोलली, आणि एकदा बोलल्यावर दर रविवारी बोलत राहिली. बाराच. साडेबारा असेल फार तर. मोनूला तिने खरं सांगून टाकलं, तेव्हा तो "चलो बढ़िया" म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा नुसता सलाम ठोकू लागला. ते पाहून तर तिची खात्रीच पटली. पण दादासाहेबांचे इलाज संपत आले होते. दुसऱ्या पंपावर पेट्रोल भरा, एअर फिल्टर झाडून घ्या, इथपर्यंत ते आले आणि माघातल्या एका रविवारी म्हणाले, "आता मोटार घेऊनच या इकडे. मी स्वतः बसून पाहतो." ती घाबरून म्हणाली, कशाला उगाच, तुम्हाला त्रास. "त्रास कसला. मला डॉक्टरांनी चालवायची बंदी केलीय, बसायची नाही. माझी विकली तेव्हापासून बसलोच कुठे मोटारीत." त्यांनी आपली गाडी विकल्याचं तिला ठाऊक नव्हतं. साखरेने डोळे अधू झाल्याचं ठाऊक होतं, एक शस्त्रक्रिया झाल्याचंही; पण गाडी विकली हे कुणी सांगितलंच नव्हतं. फोन ठेवल्यावर तिला उमगलं, की इतके रविवार ते तिला शिकवत नव्हते. ते तिकडे खुर्चीत बसून तिची गाडी चालवत होते.

पुढच्या रविवारी ती निघाली. इंदूरला वळसा घालून बेटम्याच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, दोन्हीकडे गव्हाची हिरवी शेतं, अधूनमधून पळसाला नुकती धग लागलेली. एवढ्या लांब ती कधी एकटीने आली नव्हती. गाडी इतकी सुरेख पळत होती की तिला रडू यावं. समोरच्या पडद्यावर आकडा चढत होता, एकोणीस, वीस. तिने एसी लावला. मग एसी चालू ठेवून काचाही खाली केल्या. मग उगाचच तिसऱ्या गिअरमध्ये बराच वेळ ओढली, तेव्हा मागच्या ट्रकने वैतागून भोंगा वाजवला. आकडा जेमतेम एकाने खाली आला. घाटाबिल्लोदला चहाला थांबून तिने ते बटण शोधलं, जे दाबून धरलं की आकडा पुसला जातो. बोट त्यावर ठेवून ती बसून राहिली. प्रयोगशाळेत एखाद्याने असं केलं असतं तर तिने त्याला उभा कापला असता. चहावाला दार ठोठावून म्हणाला, "दीदी, ठंडी हो री है." तिने बोट काढलं, आकडा तसाच राहू दिला. आता जे होईल ते होईल. दादासाहेब ओरडणार नाहीत, हेच तर सगळ्यात वाईट होतं.

ते फाटकाबाहेरच उभे होते. काळा चष्मा, डोक्याला मफलर, इस्त्रीचा शर्ट. किती बारीक झाले होते. ती वाकून पाया पडली, तर "असू द्या, असू द्या" म्हणाले, आणि आत चहापाण्याला न नेता सरळ डावीकडचं दार चाचपून आत बसले. हाताने डॅशबोर्ड कुरवाळला, नव्या गाडीचा वास ओढून घेतला. "चला. मांडूच्या बाजूने घ्या." ती चालवू लागली. ते रस्त्याकडे पाहत नव्हते. मान किंचित तिच्या बाजूला कलती करून ते ऐकत होते. वस्ती मागे पडली. रस्त्याकडेला एकजण मांडूची चिंच, म्हणजे गोरखचिंच, मांडून बसला होता, ती ओंजळभर जाडीची फळं उन्हात धुरकट दिसत होती. नालछ्याच्या अलीकडे ते एकदम म्हणाले, "पाय काढलात तुम्ही." तिने गिअर बदलला. "आवाजावरून कळतं. इंजिन मोकळं आहे. आकडा काय म्हणतोय, वाचा, मला दिसत नाही." त्यांना दिसत नाही. ती बारा म्हणू शकली असती. पडदा तिच्याकडे होता आणि देवीची टेकडी शंभर किलोमीटर मागे. "एकोणीस," ती म्हणाली. "कधीपासून?" "दिवाळीनंतर काही आठवड्यांनी सुधारला." त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "आणि मी आपला सांगतोय, हवा भरा, फिल्टर झाडा." त्यात राग नव्हता. तिने चोरून पाहिलं तर त्यांचा चेहरा पुसल्यासारखा झाला होता, सुट्टी लागल्यावर शाळेचं पटांगण होतं तसा. "छान झालं," ते म्हणाले. "उत्तम देतेय मोटार. आता विचारण्यासारखं काही राहिलं नाही. कुठे वळायला जागा मिळाली की वळवा, तुम्हाला परत लांब जायचंय."

काहीतरी बोलायला हवं होतं. तिला म्हणायचं होतं, की मी खोटं बोलले कारण तुमचा फोन हवा होता. आठवडाभर मी त्या एका फोनवर जगते. मला घरात बोलायला भिंतीसुद्धा नाहीत, त्या शेजाऱ्यांच्या आहेत. हे सगळं मराठीत होतं, सोपं होतं. पण 'तुम्ही' म्हणत हे बोलता येत नाही. तुम्ही म्हणून हवेबद्दल बोलता येतं, फिल्टरबद्दल बोलता येतं, पाय दुखतील बसा म्हणता येतं, आणि तिथे रस्ता संपतो. वळायला जागा आली, पुलाच्या अलीकडे चांगली रुंद. ती वळली नाही. पुढे घाटाचा चढ लागला. पाय आपोआप गेला असं तिला पुढे म्हणता आलं असतं, जुनी सवय, अनोळखी रस्ता. पण तो तिने ठेवला. डावा पाय मोकळ्या जागेतून उचलला, क्लचवर टेकला आणि अर्धा दाबला. इंजिन बोंबललं. गाडी चढावर लटपटली. ते दचकून सावरून बसले, हाताने डॅशबोर्ड धरला. तिने पाय आणखी थोडा दाबला. करपल्याचा वास आला, तोच, किल्ल्याखालचा. मागून मोटारसायकलवाला शिव्या देत गेला. त्यांच्या जबड्याची शीर हलताना दिसत होती. ते सोसत होते. कसलीही मोटार अशी जाळलेली त्यांना सोसत नसे, जन्मात नसे. बोला ना, ती मनात म्हणाली, बोल ना.

"अगं पाय काढ!" ते कडाडले. "प्लेट जाळतेस काय! अक्कल आहे का तुला, विनी? पाय काढ म्हणतो ना!"

समोरचा रस्ता तिला धड दिसेना. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"कुठला, दादा?" तिने विचारलं.

काळा चष्मा तिच्याकडे वळला. इंजिन बोंबलतच होतं. मग त्यांनी सावकाश डॅशबोर्डवरचा हात उचलून कपाळावर मारला.

"डावा गं, डावा," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मधेच चिरकला. "जेवतेस त्याच्या उलटा."